प्रॉडक्ट की चालत नाही : कस्टमर केअरला फोन करण्याआधी आणि केल्यानंतर

सॉफ्टवेअर अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, म्हणजे कंपनी त्याचे लायसन्स (वापरण्याचा परवाना) मान्य करत नाही, असे दिसले की आपल्याकडे पहिला फोन जातो तो गावातल्या संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाकडे, आणि तो बहुतेक वेळा एक तर फॉरमॅट मारायला सांगतो किंवा दुसरी की, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करण्यासाठी टाकायचा अक्षर-अंकांचा संकेतांक, टाकून देतो. या दोन्ही उपायांनी तेवढ्यापुरते काम भागते, पण ज्या लायसन्सचे पैसे आपण मोजले आहेत त्याचा प्रश्न तसाच राहतो आणि कंपनीला दाखवता आला असता असा पुरावा मात्र फॉरमॅटमध्ये पुसला जातो. लायसन्सचा प्रश्न दिसतो तांत्रिक, पण असतो व्यवहाराचा. ते कोणी विकले, कोणत्या प्रकारचे विकले आणि कोणाच्या नावावर नोंदले, या तीन गोष्टींची उत्तरे हाताशी असतील तर कस्टमर केअरचे काम पंधरा-वीस मिनिटांत होऊ शकते. ती नसतील तर आठवडाभर फोन करूनही ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ एवढेच ऐकायला मिळते.

फोन उचलण्याआधी

सर्वप्रथम संगणकाची तारीख आणि वेळ पाहावी. हा सल्ला बालिश वाटेल, परंतु मराठवाड्यात वीज कधी जाईल आणि किती दाबाने परत येईल याचा नेम नसल्यामुळे तो इथे विशेष लागू पडतो. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते; ‘सीआर २०३२’ या नावाने ती कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. ती संपली की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. तारीख चुकीची असताना कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे तिच्या मध्यवर्ती संगणकाशी, सुरक्षित जोडणी होत नाही आणि पडद्यावर मात्र लायसन्स पडताळता आले नाही असा संदेश येतो. अशा वेळी की बदलून काही उपयोग नसतो. बॅटरी बदलावी, तारीख दुरुस्त करावी आणि पुन्हा प्रयत्न करावा.

त्यानंतर की नीट वाचली आहे का ते तपासावे. विंडोज आणि ऑफिसची की २५ अक्षरांची असते आणि पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत लिहिलेली असते. हा शून्य आहे की इंग्रजी ओ, या शंकेने लोक बराच वेळ घालवतात, पण ती शंका अनाठायी आहे, कारण या कीमध्ये शून्य आणि ओ ही दोन्ही चिन्हे नसतातच. एक आणि पाच हे अंकही नसतात आणि इंग्रजी स्वरांपैकी एकही नसतो. घोटाळा होतो तो आठ आणि बी यांच्यात, किंवा सहा आणि जी यांच्यात. अँटिव्हायरसच्या डबीत खरवडायची पट्टी असते, तिच्यावर नाणे जोरात घासले की खालची दोन-तीन अक्षरेही निघून जातात. पट्टी नखाने हलकेच काढावी आणि की टाकण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा. अक्षरे आधीच गेली असतील तर डबी, तिच्यावरील अनुक्रमांक आणि बिल सांभाळून ठेवावे. कंपनीला की शोधून द्यायची असेल तर तोच आधार असतो.

तिसरी तपासणी आवृत्तीची आहे, आणि माझ्या मते आपल्या भागातील विंडोजच्या निम्म्या तरी तक्रारी इथेच अडकलेल्या असतात. लॅपटॉपसोबत विंडोजची होम आवृत्ती आलेली असते, तिचे लायसन्स त्या यंत्राच्या मदरबोर्डशी जोडलेले असते, आणि फॉरमॅट करणारा माणूस त्याच्या पेनड्राइव्हमध्ये असलेली प्रो आवृत्ती टाकून मोकळा होतो. त्यानंतर संगणक की मागू लागतो, कारण होमच्या लायसन्सवर प्रो चालत नाही. इथे नवी की विकत घेण्याची गरज नसते. मूळची होम आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेट जोडले की ती बहुधा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. लॅपटॉप मुळात कोणत्या आवृत्तीसह आला होता हे बिलावर किंवा खोक्यावर छापलेले असते.

पडद्यावरील एरर कोड जसाच्या तसा लिहून घ्यावा, म्हणजे फोटोच काढावा. विंडोजचे हे कोड ‘०एक्स’ने (0x) सुरू होतात. त्यापुढे सी००४सी००३ असेल तर ती की कंपनीने बंद केलेली आहे. सी००४सी००८ असेल तर ती परवानगीपेक्षा जास्त संगणकांवर वापरली गेली आहे. सी००४एफ०५० असेल तर की चुकीची टाकली गेली आहे किंवा ती या आवृत्तीची नाही. सी००४एफ२११ असेल तर संगणकाचा भाग बदलल्यामुळे लायसन्स जुळत नाही. आणि सी००४एफ०७४ असेल तर ही विंडोज एखाद्या संस्थेच्या सर्व्हरकडून परवानगी मागत आहे आणि तो सर्व्हर तिला सापडत नाही. नुसते ‘अ‍ॅक्टिव्हेट होत नाही’ असे सांगण्यापेक्षा यांपैकी एक कोड सांगितला तर समोरचा कर्मचारी नेमक्या ठिकाणापासून सुरुवात करतो.

लायसन्स कोणत्या प्रकारचे आहे

विंडोजच्या बाबतीत हे घरबसल्या कळते. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबावीत, उघडलेल्या चौकटीत एस, एल, एम, जी, आर ही पाच इंग्रजी अक्षरे लिहावीत, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) द्यावी, तिला लागून डी, एल, आय ही तीन अक्षरे लिहावीत आणि एंटर दाबावे. जी खिडकी उघडते तिच्यात लायसन्सचा प्रकार आणि कीची शेवटची पाच अक्षरे दिसतात. तिथे ‘ओईएम’ असेल तर लायसन्स लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने यंत्रासोबत दिलेले आहे आणि त्याच्या मदतीची पहिली जबाबदारी त्या कंपनीची आहे. मायक्रोसॉफ्टला फोन केला तरी ते तिकडेच पाठवतील. ‘रिटेल’ असेल तर ते स्वतंत्र विकत घेतलेले आहे आणि थेट मायक्रोसॉफ्टकडे जाता येते. ‘व्हॉल्यूम’ असेल तर ते एखाद्या कंपनीच्या, महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयाच्या घाऊक करारातले आहे आणि त्याची दाद त्या संस्थेच्या संगणक विभागाकडेच मागावी लागते.

या शेवटच्या प्रकाराबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या शिक्षण संस्थेतून मिळालेला लॅपटॉप घरी नेला, सहा महिने संस्थेच्या नेटवर्कशी जोडलाच नाही आणि मग विंडोज एकाएकी अ‍ॅक्टिव्हेशन मागू लागली, तर त्यात बिघाड काहीच नाही. संस्थेच्या सर्व्हरवरून मिळालेली परवानगी १८० दिवसांची असते आणि त्या मुदतीत यंत्राने सर्व्हरशी पुन्हा संपर्क साधावा लागतो. लॅपटॉप संस्थेत नेऊन नेटवर्कला जोडला की काम होते. मात्र अशी विंडोज आपण बाजारातून घेतलेल्या स्वतःच्या संगणकावर आढळली तर ती बहुधा कोणीतरी क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणारे बेकायदा साधन, वापरून बसवलेली आहे असे समजावे. त्यासाठी कंपनीकडे मागण्यासारखे आपल्या हाती काहीच नसते, आणि बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही ती वापरणे हा कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार गुन्हा आहे. जो दुकानदार संगणकासोबत ‘ओरिजनल विंडोज’ दिल्याचे सांगून हे करतो, त्याच्याकडे बिलावर तसे लिहून मागावे. बहुतेक वेळा तिथेच खरे काय ते कळते.

इंटरनेटवर काही शे रुपयांत मिळणाऱ्या कींचीही गत अशीच असते. पुष्कळदा त्या कोणत्या तरी संस्थेच्या घाऊक करारातल्या असतात, काही महिने व्यवस्थित चालतात आणि मग बंद केल्या जातात. अशा वेळी सॉफ्टवेअर कंपनी की बंद केल्याचे सांगून हात वर करते, आणि त्यात तिचे फारसे चुकत नाही. पैसे परत मागायचे ते विक्रेत्याकडे आणि ज्या संकेतस्थळावर खरेदी झाली त्याच्याकडे, तेही परतीची मुदत संपण्याच्या आत. ई-कॉमर्ससंबंधीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अशा संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात तिचे निराकरण द्यायचे असते. तक्रारीत या नियमांचा उल्लेख जरूर करावा. उत्तराचा सूर बदलतो.

लायसन्स कोणाच्या ई-मेलवर आहे

व्यापाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त गुंता या ठिकाणी होतो. लातूरच्या मोंढ्यातील अडतीचे दुकान असो, जालन्याचे बियाण्यांचे कार्यालय असो की तालुक्याच्या गावचे कृषी सेवा केंद्र असो, हिशोब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि टॅलीचे लायसन्स एखाद्या ई-मेलवर नोंदलेले असते. तो ई-मेल पुष्कळदा मालकाचा नसतोच. तो विक्रेत्याचा असतो, सीएच्या कार्यालयातील एखाद्या लेखनिकाचा असतो किंवा नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या ऑपरेटरचा असतो. अ‍ॅक्टिव्हेशन करताना अनलॉक की त्याच ई-मेलवर जाते, त्यामुळे बिल आपल्या नावाचे असूनही दार उघडण्याचे साधन दुसऱ्याच्या हाती राहते. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना पीककर्ज मागायला जावे, तशी ही अवस्था होते.

त्यामुळे अडचण येण्याची वाट न पाहता लायसन्सची माहिती उघडून सिरीयल नंबर आणि नोंदलेला ई-मेल आजच पाहून घ्यावा. तो आपला नसेल तर फर्मच्या लेटरहेडवर अर्ज, खरेदीचे बिल, जीएसटी नोंदणीची प्रत आणि मालकाचे ओळखपत्र घेऊन कंपनीकडे किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडे ई-मेल बदलण्याची मागणी करावी. याला वेळ लागतो, आणि जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख उद्यावर आली असताना हे काम हाती घेणे म्हणजे मनस्ताप ओढवून घेणे आहे.

संगणक बदलायचा असेल तर जुन्या यंत्रावर आधी लायसन्स सरेंडर करावे, म्हणजे कंपनीकडे परत सोपवावे, आणि मगच नव्या यंत्रावर अ‍ॅक्टिव्हेट करावे. जुना संगणक बंदच पडल्यामुळे सरेंडर करता आले नसेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात तेवढे सांगावे, म्हणजे ते लायसन्स रीसेट करून पुढचा मार्ग देतात. दरम्यान टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे शिकण्यापुरत्या मर्यादित रूपात, गेली आणि फक्त १, २ व ३१ या तारखांच्याच नोंदी घेऊ लागली तर घाबरण्याचे कारण नाही. लायसन्स नसल्यामुळे आधीचा डेटा पुसला जात नाही. तरीही कोणालाही काही करू देण्याआधी डेटाचे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. वार्षिक नूतनीकरण संपणे आणि लायसन्स संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवावे. कायमस्वरूपी लायसन्स घेतलेले असेल तर नूतनीकरण संपल्यावर नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सेवा थांबतात, हातातली आवृत्ती चालूच राहते. विक्रेता ‘आता टॅली बंद पडेल’ असे म्हणत असेल तर हा फरक त्याला शांतपणे विचारावा.

लग्नपत्रिका आणि अहवाल छापणाऱ्या डीटीपीच्या (संगणकावर मजकुराची मांडणी करणाऱ्या) दुकानांत अजूनही काही सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर, म्हणजे संगणकाला लावून ठेवायच्या पेनड्राइव्हसारख्या लायसन्सच्या किल्लीवर, चालतात. लॉक जळाले असेल तर ते फेकू नये. बदलून देण्यासाठी कंपनी सहसा जुने लॉक परत मागते, आणि हरवलेल्या लॉकसाठी बहुधा नव्याने पैसे मोजावे लागतात.

प्रत्यक्ष बोलणे

फोन नंबर इंटरनेटवर शोधू नये. ‘कस्टमर केअर नंबर’ असे शोधल्यावर वर दिसणाऱ्या नंबरांमध्ये भामट्यांचे नंबर मिसळलेले असतात. नंबर घ्यावा तो सॉफ्टवेअरच्या हेल्प मेनूतून, खोक्यावरून, बिलावरून किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या संकेतस्थळावरून. खरी कंपनीसुद्धा कधीकधी संगणक दुरून हाताळण्याची परवानगी मागते, त्यामुळे तेवढ्यावरून फसवणूक ठरत नाही; पण फोन आपण अधिकृत नंबरवर लावलेला असला पाहिजे, बँकेची खिडकी बंद असली पाहिजे आणि काम होईपर्यंत पडद्यासमोरून उठता कामा नये. पैसे परत करण्यासाठी कोणी यूपीआय पिन किंवा ओटीपी मागितला तर फोन तिथेच ठेवावा, कारण पैसे घेताना पिन लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर होतो तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

बोलणे बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत होते. की वाचून दाखवताना बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही ही अक्षरे फोनवर सारखीच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक अक्षरासोबत एक शब्द जोडावा. पी फॉर परभणी म्हणायला आपल्याला आवडेल, पण समोरच्या व्यक्तीला परभणी ठाऊक असेलच असे नाही. पी फॉर पुणे आणि डी फॉर दिल्ली यांनी काम लवकर होते. अधिकृत माध्यमावर पूर्ण की सांगायला हरकत नसते, मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात मदत मागताना शेवटच्या पाच अक्षरांपलीकडे काहीही टाकू नये. इंटरनेट नसलेल्या संगणकासाठी सॉफ्टवेअर एक इन्स्टॉलेशन आयडी देते. विंडोजमध्ये ती नऊ गटांत विभागलेल्या ६३ अंकांची असते. ती आधी कागदावर उतरवून दुसऱ्या व्यक्तीकडून ताडून घ्यावी आणि मगच कंपनीला कळवावी.

मदरबोर्ड उडाल्यामुळे विंडोजचे लायसन्स गेले असेल, आणि विजेच्या चढ-उतारामुळे आपल्याकडे तो उडतोच, तर बोलण्याआधी सेटिंग्जमधील अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर (अडचण शोधणारे साधन) चालवून पाहावा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेले रिटेल लायसन्स तिथून, अलीकडे हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडून, परत मिळवता येते. लॅपटॉपसोबत आलेले ओईएम लायसन्स मात्र मूळ बोर्डाशी बांधलेले असते. बोर्ड कंपनीच्या सेवा केंद्राने बदलला असेल तर त्या दुरुस्तीचा जॉबशीट, म्हणजे कामाच्या नोंदीचा कागद, मागून घ्यावा आणि लायसन्स पूर्ववत करून देण्याची जबाबदारी सेवा केंद्रावरच टाकावी. बोर्ड बाजारातून जुना घेऊन बसवला असेल तर ही वाट जवळजवळ बंद होते. तसेच विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहेत. अ‍ॅक्टिव्हेशन त्यानंतरही होते, म्हणून केवळ आवृत्ती जुनी आहे असे सांगून कोणी नवे लायसन्स विकू लागले तर आधी जुन्याचा निकाल लावून मागावा.

संभाषण संपण्यापूर्वी तक्रार क्रमांक घ्यावा, कर्मचाऱ्याचे नाव व वेळ लिहून ठेवावी आणि लगेच ई-मेल पाठवावा. त्याचा मजकूर साधारण असा असावा : ‘मी अमुक तारखेला, अमुक दुकानातून, अमुक बिल क्रमांकाने आपले सॉफ्टवेअर खरेदी केले. कीची शेवटची पाच अक्षरे अमुक आहेत. अमुक तारखेला संगणकाचा मदरबोर्ड बदलल्यानंतर अमुक एरर कोड येत आहे. आज दुपारी आपल्या प्रतिनिधीशी बोलणे झाले व तक्रार क्रमांक अमुक मिळाला. बिलाची प्रत आणि पडद्याचा फोटो सोबत जोडला आहे. लायसन्स पुन्हा कार्यान्वित करून द्यावे किंवा नकाराचे कारण लेखी कळवावे.’ हाच मजकूर सोप्या इंग्रजीत पाठवला तर उत्तर लवकर येते. रागाची वाक्ये त्यात घालू नयेत. नकाराचे लेखी कारण मागणारे शेवटचे वाक्य मात्र कधीही गाळू नये, कारण पुढे तेच उपयोगी पडते.

दाद मिळाली नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून पाठपुरावा करते. तरी अनेक कंपन्या या पायरीवर हलतात. त्यानेही झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, त्यामुळे लातूरच्या ग्राहकाला कंपनीच्या कार्यालयासाठी बंगळूरु गाठावे लागत नाही. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. व्यापाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पाहावी. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ती घेतली असेल तर येते. म्हणून एकट्याने डीटीपीचे दुकान किंवा छोटे सेवा केंद्र चालवणाऱ्याने अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच तसे स्पष्ट लिहावे आणि त्यासोबत बिल, एरर कोडचे फोटो, तक्रार क्रमांक व कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने जोडावा.